फौजदारीच्या दारात दिवाणी वाद

दिवाणी आणि फौजदारी ही भारतीय न्यायव्यवस्थेतील सर्वांत जुनी आणि सामान्य पक्षकारालाही ठाऊक असलेली विभागणी आहे. दोन व्यक्तींमधील देणेघेणे, करार, वारसा आणि मालमत्ता यांचे वाद दिवाणी न्यायालयाने सोडवावेत, आणि ज्या कृत्याची झळ एका माणसापुरती न राहता समाजाला पोहोचते असे कायदा मानतो त्याचा तपास पोलिसांनी करून फौजदारी न्यायालयाने शिक्षा द्यावी, असे या विभागणीचे स्थूल स्वरूप आहे. पहिल्या मार्गाने जाणाऱ्याला पैसा, जमीन किंवा भरपाई हवी असते; दुसऱ्या मार्गावर मुख्य पक्षकार राज्यसंस्था असते आणि तक्रारदाराची भूमिका बहुतांशी साक्षीदाराची असते. २०२४ आणि २०२५ या दोन वर्षांत सर्वोच्च न्यायालयाने ही सीमा ओलांडणाऱ्या प्रकरणांबद्दल वारंवार आणि बरेच तिखट लिहिले. प्रस्तुत लेखात त्यांतील काही निवडक निकालांचा विचार केला असून, त्यातून निघणारे म्हणणे आधीच नोंदवणे बरे: सीमा राखणारे हे निकाल कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहेत, परंतु दुखण्याचे मूळ दिवाणी न्यायालयातील दरखास्तींच्या, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी केलेल्या अर्जांच्या, ढिगाऱ्यात आहे, आणि म्हणून या प्रश्नावरचा सर्वांत महत्त्वाचा निकाल फौजदारी बाजूला शोधून सापडणार नाही.

या निकालमालेतील पायाभूत निकाल दिल्ली रेस क्लबच्या खटल्यात न्या. जे. बी. पारडीवाला आणि न्या. मनोज मिश्रा यांच्या खंडपीठाने २३ ऑगस्ट २०२४ रोजी दिला. एक व्यापारी या क्लबला अनेक वर्षे घोड्यांचा दाणा आणि ओट पुरवीत होता. सुमारे ९ लाख रुपयांचे बिल थकले, तेव्हा त्याने वसुलीचा दावा न लावता उत्तर प्रदेशातील दंडाधिकाऱ्यांपुढे ठकवणूक, न्यासभंग आणि कट यांची फिर्याद दाखल केली. दंडाधिकाऱ्यांनी न्यासभंगाच्या कलमाखाली क्लब आणि त्याचे पदाधिकारी यांच्यावर समन्स काढले आणि अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई रद्द केली. पण निकालाचे खरे मोल त्याच्या कारणमीमांसेत आहे, कारण दीडशे वर्षांहून अधिक काळ दंडसंहितेत शेजारी शेजारी नांदणारे ठकवणूक आणि न्यासभंग हे दोन गुन्हे वकील, पोलीस आणि दंडाधिकारी सर्रास एकत्र लिहितात, आणि ते एकत्र बसूच शकत नाहीत हे या निकालाने तपशिलाने दाखवून दिले.

ठकवणूक, म्हणजे लोकभाषेतील ‘चारशेवीस’, या गुन्ह्याचे मर्म आरंभीच्या कपटात आहे. माल घेताना किंवा पैसे स्वीकारतानाच ते परत न करण्याचा इरादा असला पाहिजे आणि त्या इराद्याने समोरच्याला भुलवून त्याच्याकडून ती वस्तू काढून घेतलेली असली पाहिजे. व्यवहार करताना हेतू स्वच्छ असेल आणि पुढे धंदा बसल्यामुळे, मन फिरल्यामुळे किंवा नुसत्या आडमुठेपणाने वचन मोडले असेल, तर तो करारभंग होतो, ठकवणूक होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २००० साली बिहारमधील एका जमीनव्यवहाराच्या खटल्यातही स्पष्ट केले होते. फौजदारी न्यासभंगाचे मर्म याच्या उलट आहे. तेथे आरंभ प्रामाणिक असतो. मालक आपली वस्तू विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन करतो, मालकी स्वतःकडेच ठेवतो, आणि नंतर तो दुसरा त्या वस्तूचा अपहार करतो. सोनाराकडे दागिना घडवायला दिलेले सोने त्याने परस्पर विकले तर न्यासभंग होतो. पण त्याच सोनाराने सराफाकडून उधारीवर सोने विकत घेतले आणि पैसे बुडवले, तर ते सोने विक्रीबरोबर त्याचेच झालेले असल्याने न्यासभंगाला जागाच उरत नाही. आरंभी कपट आणि आरंभी विश्वास या गोष्टी एकाच व्यवहारात एकाच वेळी असू शकत नाहीत, म्हणून एकाच हकिकतीवर दोन्ही कलमे लावणे हे तर्काच्याच विरुद्ध आहे. घोड्यांचा दाणा विकला गेला होता, सांभाळायला दिलेला नव्हता. तेव्हा न मिळालेल्या किमतीसाठी विक्रेत्याला दिवाणी दावा हाच मार्ग होता. इतक्या वर्षांनंतरही न्यायालयांना हा भेद कळू नये याबद्दल खंडपीठाने खेद नोंदवला, पोलिसांना कायद्याचे प्रशिक्षण देण्याची गरज सांगितली आणि निकालाची प्रत केंद्रीय विधी व गृह सचिवांकडे पाठवण्यास सांगितले. अशा प्रती पुढे कोणत्या फायलीत विसावतात हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

या निकालाच्या आठच आठवडे आधी, १ जुलै २०२४ रोजी, भारतीय दंडसंहितेची जागा भारतीय न्याय संहितेने आणि फौजदारी प्रक्रिया संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली होती. त्यामुळे ‘चारशेवीस’ आता कलम ३१८(४) झाले आणि न्यासभंग कलम ३१६ मध्ये गेला. पोलीस ठाण्यात मात्र बोलताना जुनाच आकडा वापरला जातो आणि तो लवकर पुसला जाईल असे दिसत नाही. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळताच प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असे घटनापीठाने २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ठरवले, परंतु कौटुंबिक आणि व्यापारी स्वरूपाच्या प्रकरणांत त्याआधी प्राथमिक चौकशीची मुभाही ठेवली. नव्या संहितेच्या कलम १७३(३) ने अशा चौकशीला वैधानिक रूप दिले, चौदा दिवसांची मुदत घातली आणि उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी आवश्यक केली. पण हे पोटकलम तीन वर्षे किंवा अधिक, परंतु सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांपुरतेच आहे. न्यासभंगाच्या साध्या प्रकाराची कमाल शिक्षा पाच वर्षे असल्याने तो यात बसतो, तर ३१८(४) ची कमाल शिक्षा नेमकी सात वर्षे असल्याने ती शब्दशः यातून निसटते. म्हणजे ज्या कलमाचा दिवाणी वादांत सर्वाधिक दुरुपयोग होतो त्यालाच ही चाळणी लागू पडत नाही, आणि अधिकाऱ्याला २०१३ च्या निकालाचाच आधार शोधावा लागतो. कायदा लिहिताना एक वर्ष इकडेतिकडे झाल्याने किती फरक पडतो याचे हे उत्तम उदाहरण म्हणता येईल.

दुरुपयोग कसा होतो याचा नमुना १६ एप्रिल २०२५ च्या निकालात सापडतो. कानपूरमधील एका गोदामाच्या विक्रीचा तोंडी करार झाला होता. खरेदीदाराने १९ लाख रुपये दिले, उरलेली आगाऊ रक्कम वेळेत दिली नाही, आणि मालकांनी गोदाम दुसऱ्याला विकले. महाराष्ट्रात ज्याला इसाराचा वाद म्हणतात तो हाच. तक्रारदाराने पोलिसांना तपासाचा आदेश द्यावा म्हणून दंडाधिकाऱ्यांकडे दोनदा अर्ज केले, आणि वाद दिवाणी असल्याचे सांगून ते दोन्ही वेळा फेटाळले गेले. तरीही पुढे पोलिसांनी त्याच हकिकतीवर गुन्हा नोंदवला, आरोपपत्र दाखल केले आणि न्यायालयाने समन्स काढले. सरन्यायाधीश संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांच्या खंडपीठाने ही कारवाई रद्द करताना उत्तर प्रदेश शासनावर ५० हजार रुपयांचा खर्च बसवला आणि तो दोषी अधिकाऱ्यांकडून वसूल करण्याची मुभा दिली. याच महिन्याच्या आरंभी दुसऱ्या एका प्रकरणात सरन्यायाधीशांनी त्या राज्यात कायद्याचे राज्यच कोलमडल्याची भावना भर न्यायालयात व्यक्त केली होती. या निकालांतील बहुतेक प्रकरणे एकाच राज्यातून आलेली असल्याने हा तिकडचा प्रश्न आहे असे समजण्याचा मोह महाराष्ट्रातील वाचकाला होईल. परंतु साठेखत करून खरेदीखत न देणारा विकासक, भागीदारीतून बाहेर पडलेला भागीदार आणि ‘आर्थिक गुन्हे शाखेत अर्ज टाकू’ असा सल्ला देणारा वकील ही मंडळी मुंबई, पुणे, नागपूर येथेही अपरिचित नाहीत.

सर्वांत गाजलेला प्रसंग ऑगस्ट २०२५ मधला. धाग्याच्या एका पुरवठादाराने ५२ लाखांहून अधिक किमतीचा माल दिला, त्यांतील पावणेअठ्ठेचाळीस लाखांच्या आसपास रक्कम त्याला मिळाली आणि उरलेल्यासाठी त्याने न्यासभंगाची फिर्याद केली. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी ती रद्द करण्यास नकार देताना असे कारण दिले, की दिवाणी दाव्याचा निकाल लागून प्रत्यक्ष पैसे हाती येण्यास वर्षानुवर्षे लागतील आणि लहान व्यापाऱ्याला ते परवडणारे नाही, म्हणून त्याला फौजदारी मार्ग मोकळा असावा. ४ ऑगस्ट रोजी न्या. पारडीवाला आणि न्या. आर. महादेवन यांच्या खंडपीठाने हा आदेश रद्द केला, त्यावर अत्यंत कठोर ताशेरे ओढले आणि संबंधित न्यायमूर्तींकडे यापुढे फौजदारी काम देऊ नये असा अभूतपूर्व निर्देशही दिला. उच्च न्यायालयात खळबळ उडाली, सरन्यायाधीश भूषण गवई यांनी खंडपीठाला पत्र लिहिले आणि चारच दिवसांनी, ८ ऑगस्टला, तो निर्देश मागे घेण्यात आला.

वृत्तपत्रांतील चर्चा न्यायमूर्तींच्या मानापमानाभोवती फिरत राहिली आणि मूळ प्रश्न बाजूला पडला. एकल न्यायमूर्तींचे कारण कायद्याच्या दृष्टीने टिकणारे नव्हते, यात शंका नाही. दिवाणी न्यायालय संथ आहे म्हणून जे कृत्य गुन्हा नाही ते गुन्हा होऊ शकत नाही. परंतु त्या कारणात वस्तुस्थितीचे वर्णन म्हणून काहीही खोटे नव्हते. जे वकिलाच्या कार्यालयात रोज बोलले जाते ते एका न्यायमूर्तींनी आदेशात लिहिले, एवढाच फरक. सर्वोच्च न्यायालयाने स्वतः २००६ साली इंडियन ऑइल आणि एनईपीसी या कंपन्यांमधील खटल्यात हेच निदान केले होते: दिवाणी उपाय वेळखाऊ आहेत आणि सावकाराच्या हिताचे पुरेसे रक्षण करत नाहीत, या समजुतीतून व्यापारी वादांना फौजदारी रूप दिले जाते. निदान जुने आहे. औषध मात्र प्रत्येक वेळी लक्षणावरच दिले गेले.

या सीमेचे रक्षण का आवश्यक आहे याचे उत्तर केवळ न्यायालयांच्या वेळेच्या बचतीत शोधणे अपुरे ठरेल. कर्ज फेडले नाही म्हणून माणसाला तुरुंगात टाकता येईल का, हा त्यामागचा खरा प्रश्न आहे, आणि भारतीय दिवाणी कायद्याने त्याचे उत्तर फार विचारपूर्वक दिलेले आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ नुसार पैशाच्या हुकूमनाम्यासाठी ऋणकोला दिवाणी कारागृहात ठेवता येते, पण त्याआधी त्याला कारण दाखवण्याची संधी द्यावी लागते, आणि ऐपत असूनही तो देत नाही किंवा हुकूमनामा चुकवण्यासाठी मालमत्ता लपवतो आहे, असे कारणे नोंदवून ठरवावे लागते. पैशाच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही, आणि कोणालाही तीन महिन्यांहून अधिक काळ डांबता येत नाही. बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात १९८० साली न्या. व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी या तरतुदीचा अर्थ राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या आणि भारताने १९७९ मध्ये स्वीकारलेल्या नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या प्रकाशात लावला. केवळ देता येत नाही म्हणून गरिबाला कारागृहात टाकणे हे घटनेला धरून नाही, ऋणकोच्या वागण्यात बदनियत दिसली पाहिजे, असे त्यांनी ठरवले. हाच ऋणको ‘चारशेवीस’च्या तक्रारीत सापडला की ही सगळी तटबंदी एका झटक्यात कोसळते. तेथे ऐपतीची चौकशी नाही, स्त्रीला सूट नाही, दाव्याचा निकाल लागलेला असण्याचीही अट नाही. अटकेची भीतीच वसुलीचे साधन बनते. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी सरसकट अटक न करता आधी नोटीस द्यावी, हा २०१४ पासूनचा दंडक ही भीती थोडी कमी करतो, पण ती नाहीशी करत नाही, हे नोटीस हातात पडलेला कोणताही व्यापारी सांगेल.

जामिनाच्या टप्प्यावर हीच वसुली न्यायालयाच्या दालनात येऊन पोहोचते. आरोपीचा वकील काही लाख भरण्याची तयारी दाखवतो, तक्रारदाराचा विरोध मावळतो, आणि रक्कम भरण्याच्या अटीवर जामीन होतो. ठकवणुकीच्या प्रकरणांतील जामिनाचे रूपांतर वसुलीत होऊ नये असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये बजावले होते. २८ जुलै २०२५ रोजी महाराष्ट्रातून आलेल्या एका प्रकरणात न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांनी याही पुढे जाऊन, आरोपीने पैसे भरण्याची हमी दिली म्हणून जामीन द्यायचाच नाही, जामिनाचा निर्णय केवळ गुणवत्तेवर करायचा, असा निर्देश देशभरच्या न्यायालयांना दिला. त्या प्रकरणात कंपनीच्या रकमेच्या अपहाराचा आरोप असलेल्या कर्मचाऱ्याने २५ लाख रुपये भरण्याची हमी देऊन जामीन मिळवला, पैसे भरले नाहीत, आणि जामीन रद्द झाल्यावर मुळात अशी अट घालणेच बेकायदा होते असा युक्तिवाद केला. सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावर ५० हजारांचा खर्च बसवला आणि सर्वांसाठी हा दरवाजा बंद केला. हा निर्देश स्वागतार्ह असला तरी त्याची एक बाजू कठोर आहे: खरोखर फसवल्या गेलेल्या माणसाला त्याचे पैसे लवकर मिळण्याची जी एकमेव व्यावहारिक संधी होती, ती यामुळे गेली.

कारण खरी फसवणूकही असतेच, आणि दिवाणी वादाचा बुरखा घेऊन गुन्हेगार निसटू नये याची काळजी याच न्यायालयाला घ्यावी लागली आहे. १४ जुलै २०२५ चा बंगळूरचा निकाल या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. मेट्रो रेल्वेसाठी एका कुटुंबाची जमीन संपादित झाली आणि ३३ कोटी रुपयांची भरपाई ठरली. त्या वेळी दाखल झालेल्या वंशावळीत मुलग्यांचीच नावे दाखवण्यात आली, पाच मुलींचा उल्लेखच नव्हता, आणि वाटणीपत्रही बनावट असल्याचा आरोप झाला. दिवाणी दावा चालू आहे म्हणून उच्च न्यायालयाने फौजदारी कारवाई रद्द केली होती. न्या. विक्रम नाथ आणि न्या. संदीप मेहता यांनी ती पुन्हा जिवंत केली, कारण वाटणीचा हक्क किती हा दिवाणी प्रश्न असला तरी खोटी वंशावळ दाखल करून पैसे उचलणे हा, आरोप सिद्ध झाल्यास, गुन्हाच आहे, आणि दिवाणी दावा प्रलंबित असणे हे फौजदारी कारवाई रद्द करण्याचे कारण होऊ शकत नाही. बहिणींची हक्कसोड न घेताच वारस नोंद उरकण्याचे प्रकार ज्यांनी तलाठी कार्यालयात पाहिले आहेत, त्यांना या निकालाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महाराष्ट्राने तर ठेवीदारांच्या बाबतीत १९९९ सालीच स्वतंत्र कायदा करून परतफेड चुकवणाऱ्या वित्तीय संस्थांच्या प्रवर्तकांना फौजदारी जबाबदारी लावली आणि त्यांच्या मालमत्तेवर टाच आणण्याची सोय केली. त्या कायद्याची व्याप्ती सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये सिक्स्टी-थ्री मून्सच्या खटल्यात विस्तृतपणे मान्य केली. अर्थात एकच घटना दिवाणी आणि फौजदारी अशा दोन्ही बाजूंनी पाहता येते. कसोटी एकच: गुन्ह्याचे घटक तक्रारीत आहेत की नाहीत.

संसदेने स्वतःच ही सीमा जाणीवपूर्वक पुसली, ती धनादेशाच्या बाबतीत. पराक्राम्य संलेख अधिनियमात १९८८ साली कलम १३८ घालण्यात आले आणि १ एप्रिल १९८९ पासून धनादेश न वटणे हा आरंभी एक वर्षापर्यंतच्या आणि पुढील दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंडाचा गुन्हा झाला. येथे आरंभीचे कपट सिद्ध करावे लागत नाही; धनादेश परत आल्यापासून तीस दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवसांत रक्कम न देणे, आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, एवढी चौकट पुरी झाली की पुरे. न्या. रोहिंटन नरिमन यांनी मार्च २०२१ मधील निकालात या तरतुदीचे वर्णन लांडग्याचे कातडे पांघरलेले दिवाणी मेंढरू अशा अर्थाच्या शब्दांत केले आहे. या प्रयोगाचे फळ काय, हे गोव्यातून गेलेल्या एका प्रकरणात २५ सप्टेंबर २०२५ रोजी न्या. मनमोहन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांनी दिलेल्या निकालातून दिसते. ६ लाख रुपयांच्या हातउसन्या कर्जापोटी दिलेला धनादेश परत आला, कनिष्ठ न्यायालयांनी आरोपीला दोषी ठरवले, गोवा खंडपीठाने सोडले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोषी ठरवून साडेसात लाख रुपये पंधरा मासिक हप्त्यांत भरण्यास सांगितले. कारागृहाचा धाक दाखवणाऱ्या कायद्याचा शेवट हप्तेबंदीत व्हावा, हे त्या कायद्याचे खरे स्वरूप सांगून जाते. याच निकालात समन्स फिर्यादीनेही हातोहात आणि ई-मेलसारख्या मार्गांनी बजावण्याची, न्यायालयात रक्कम ऑनलाइन भरण्याची सोय करण्याची आणि तडजोड जितकी लवकर तितका खर्च कमी ठेवण्याची निर्देशावली आहे. दिल्लीत साडेसहा लाखांच्या आसपास आणि मुंबईत लाखाहून अधिक अशी प्रकरणे पडून असल्याची नोंदही त्यात आहे. दिवाणी वसुलीला फौजदारीचा वेग मिळावा म्हणून आणलेल्या कलमाने फौजदारी न्यायालयालाच दिवाणीचा वेग दिला.

आता मूळ कारणाकडे. दावा जिंकलेल्या पक्षकाराच्या हाती हुकूमनामा येतो, पण पैसे वा ताबा येत नाही. त्यासाठी त्याला त्याच न्यायालयात नव्याने अर्ज करावा लागतो, त्याला न्यायालयीन मराठीत दरखास्त म्हणतात. भारतातील पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा मिळाल्यावर सुरू होतात, असा शेरा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने १८७२ सालीच मारला होता. दरखास्त दाखल झाली की ऋणकोला नोटीस निघते, आणि बेलिफ ‘ऋणको मिळून आला नाही’ असा अहवाल घेऊन परततो. पुढे जप्ती वॉरंट निघाले की ज्या मालमत्तेवर ते काढले ती पत्नीच्या, भावाच्या किंवा भाडेकरूच्या नावाची असल्याची हरकत दाखल होते. ऑर्डर २१ च्या नियमांप्रमाणे अशा हरकतीचा निर्णय दरखास्तीतच, पुरावा घेऊन करावा लागतो, म्हणजे एक दावा संपून त्याच्या पोटात दुसरा सुरू होतो. त्या निर्णयावर अपील, अपिलात स्थगिती, आणि या काळात मूळ पक्षकारांपैकी कोणी वारला तर वारसांना रेकॉर्डवर आणण्याचे अर्ज. अंमलबजावणीसाठी मुदतीच्या कायद्याने बारा वर्षे दिली आहेत. ती दरखास्त दाखल करण्यासाठी आहेत, निकाली काढण्यासाठी नव्हेत, आणि ऋणकोच्या वकिलाला हे चांगले ठाऊक असते.

सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये यावर सविस्तर निर्देश दिले: मालमत्तेचे अचूक वर्णन आणि तिसऱ्या व्यक्तींचे हक्क दाव्याच्या आरंभीच तपासावेत, पैशाच्या दाव्यात प्रतिवादीकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र घ्यावे, आणि दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढावी. निर्देश चांगले होते. पाळले गेले नाहीत. १९८० च्या दशकातील तमिळनाडूच्या एका दाव्याचा हुकूमनामा सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम होऊनही बजावला गेलेला नाही, हे ६ मार्च २०२५ रोजी पुन्हा त्याच न्यायालयापुढे आले, तेव्हा खंडपीठाने सर्व उच्च न्यायालयांना आपापल्या जिल्हा न्यायालयांतील प्रलंबित दरखास्तींची माहिती मागवून त्या सहा महिन्यांत निकाली काढण्याचे आणि तसे न झाल्यास संबंधित न्यायाधीशाला प्रशासकीय बाजूने जाब विचारण्याचे आदेश दिले. या निकालावर सह्या न्या. पारडीवाला आणि न्या. महादेवन यांच्याच आहेत. अलाहाबादच्या एकल न्यायमूर्तींना ऑगस्टमध्ये ज्यांनी फटकारले, त्यांनीच दिवाणी मार्ग पक्षकाराला कसा थकवतो हे मार्चमध्ये लिहून ठेवले होते. हे दोन निकाल एकत्र वाचले तरच मार्चमधील निकालाचे मोल आणि ऑगस्टमधील निकालाची मर्यादा कळते. फौजदारीचे दार लावून घेण्याचा नैतिक अधिकार दिवाणीचे दार उघडे ठेवणाऱ्यालाच असतो.

महाराष्ट्रातील वकीलवर्ग आणि तालुका न्यायालये यांना यात करण्यासारखे बरेच आहे, आणि त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. ऑर्डर २१ नियम ४१ प्रमाणे ऋणकोकडून मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र मागता येते आणि ते न देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कारागृहात पाठवता येते; ही तरतूद पुस्तकात पडून राहते, कारण तसा अर्ज क्वचितच केला जातो. लेखी करारावर किंवा धनादेशावर आधारलेल्या रकमेसाठी ऑर्डर ३७ खालचा संक्षिप्त दावा, ज्यात प्रतिवादीला बचाव करण्यासाठीही आधी परवानगी घ्यावी लागते, आणि ३ लाखांवरील व्यापारी वादासाठी वाणिज्य न्यायालय हे दोन्ही मार्ग आज उपलब्ध आहेत. पक्षकाराला पोलीस ठाण्याचा रस्ता दाखवण्याआधी त्याच्या वकिलाने हे तिन्ही पर्याय कागदावर मांडून दाखवावेत, एवढी अपेक्षा गैर नाही.

मार्चमधील आदेशाचा आढावा सर्वोच्च न्यायालयाने १६ ऑक्टोबर २०२५ रोजी घेतला. सहा महिन्यांत ३ लाख ३८ हजार दरखास्ती निकाली निघाल्या होत्या, तरीही देशभर ८ लाख ८२ हजार ५७८ शिल्लक होत्या, आणि कर्नाटकची माहिती न आल्याने तिचा यात समावेशच नव्हता. हे आकडे अत्यंत निराशाजनक असल्याचे नोंदवून न्यायालयाने आणखी सहा महिने दिले. या शिल्लक दरखास्तींपैकी सर्वाधिक, सुमारे ३ लाख ४१ हजार, म्हणजे दर पाचांपैकी जवळजवळ दोन, महाराष्ट्र आणि गोवा ज्याच्या अधिकारक्षेत्रात येतात त्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खात्यावर होत्या. त्या निकाली निघत नाहीत तोवर चारशेवीसच्या तक्रारी कमी होण्याचे काहीही कारण दिसत नाही.